डेसिबल, पण कशाच्या तुलनेत? माइकपासून मांडवाच्या हद्दीपर्यंतचा हिशेब

“दादा, मीटरचा काटा शून्यावर आहे आणि आवाज तर खणखणीत येतोय. असं कसं?”

माझ्याबरोबर साउंडच्या कामाला नव्याने आलेल्या मुलाने कीर्तनाआधी मिक्सरसमोर उभं राहून हे विचारलं. प्रश्न रास्त होता. शाळेत आपण शून्य म्हणजे काहीच नाही असं शिकतो. त्या मीटरवरचं शून्य म्हणजे मात्र १.२२८ व्होल्ट. शेजारच्या रेकॉर्डरवरचं शून्य म्हणजे ज्याच्या वर जागाच नाही अशी शेवटची पायरी. आणि ध्वनिमापकावरचं शून्य म्हणजे निरोगी, तरुण कानाला जेमतेम ऐकू येईल इतका आवाज. टेबल एकच, पण त्यावर तीन शून्यं आणि तिघांचा अर्थ वेगळा.

साउंडचं काम शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच सवय लावतो. कोणी “इतके डेसिबल” म्हणालं की लगेच विचारायचं, “कशाच्या तुलनेत?” डेसिबल हे किलो किंवा मीटरसारखं माप नाही. दोन गोष्टींपैकी एक दुसरीच्या किती पट आहे, एवढंच ते सांगतं. “दुप्पट झालं” हे वाक्य कशाच्या दुप्पट हे कळेपर्यंत अर्धवट असतं, तसंच नुसतं “८० डीबी” हेही अर्धवट असतं. डीबीच्या, म्हणजे डेसिबलच्या, शेपटाला लागलेली अक्षरं (डीबीव्ही, डीबीयू अशी) ते वाक्य पूर्ण करतात. म्हणून रूपांतर शिकायचं म्हणजे ती अक्षरं वाचायला शिकायचं. गणित त्यामानाने फारच थोडं आहे.

सूत्रं दोन, चूक एकच

लॉग म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते; १०० चा लॉग २. शक्ती, म्हणजे वॅट, मोजत असाल तर:

डीबी = १० × लॉग (मोजलेली शक्ती ÷ संदर्भाची शक्ती)

व्होल्ट किंवा हवेतला ध्वनिदाब मोजत असाल तर:

डीबी = २० × लॉग (मोजलेला व्होल्ट ÷ संदर्भाचा व्होल्ट)

इथे १० की २० यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. कारण समजून घेतलं की पुन्हा चूक होत नाही. त्याच स्पीकरला व्होल्ट दुप्पट दिला तर करंटही दुप्पट होतो, म्हणजे वॅट चौपट. चौपटीचा लॉग ०.६०२, त्याला १० ने गुणलं की ६ डीबी. दुपटीचा लॉग ०.३०१, त्याला २० ने गुणलं तरी ६ डीबीच. वॅटच्या बाजूने मोजा की व्होल्टच्या, बदल तोच आहे, म्हणून उत्तरही तेच यायला हवं. वर्गाचा लॉग दुप्पट होतो म्हणून १० चे २० झाले, बाकी काही नाही.

उलटं जायचं असेल तर डीबीला १० ने (शक्तीसाठी) किंवा २० ने (व्होल्टसाठी) भागायचं आणि आलेला आकडा दहाचा घात म्हणून वापरायचा. −१० डीबी व्होल्टच्या हिशेबात म्हणजे १० चा −०.५ वा घात, म्हणजे ०.३१६ पट.

मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर “लॉग” आणि “एलएन” अशी दोन बटणं शेजारी असतात. आपल्याला हवं ते “लॉग”. “एलएन” चुकून दाबलं तर उत्तर २.३ पट मोठं येतं आणि ते खोटं आहे हे पटकन लक्षातही येत नाही. खात्रीसाठी आधी १०० चा लॉग काढून बघा. २ आला तर बटण बरोबर आहे. संगणकावर प्रोग्रॅम लिहीत असाल तर “लॉग१०” वापरा, कारण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये नुसतं “लॉग” लिहिलं की एलएनच मिळतो.

हे माप टेलिफोनवाल्यांनी आणलं. तारेतून बोलणं किती मंदावतं हे अमेरिकेच्या बेल कंपनीत आधी “इतके मैल केबल” असं मोजत. १९२४ मध्ये त्याजागी लॉगवर आधारलेलं एकक आलं आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या आठवणीत त्याला डेसिबल नाव मिळालं. बेल हे एकक फार मोठं, म्हणून त्याचा दहावा भाग. युरोपातल्या जुन्या टेलिफोनच्या कागदपत्रांत नेपर दिसतो. त्याचं नाव लॉग शोधणाऱ्या जॉन नेपियर यांच्यावरून आलं. १ नेपर म्हणजे ८.६८६ डीबी. साउंडच्या कामात त्याची गाठ पडत नाही, पण पडलीच तर एवढा गुणाकार पुरेसा आहे.

बोटांवरचा हिशेब

मांडवात, अंधारात, हातात केबल असताना कॅल्क्युलेटर काढायला वेळ नसतो. तिथे दोन आकडे पाठ असले की काम भागतं. शक्तीसाठी ३ डीबी म्हणजे दुप्पट आणि १० डीबी म्हणजे दहापट. बाकीचे आकडे या दोघांतून निघतात, कारण डीबीची बेरीज म्हणजे पटींचा गुणाकार आणि वजाबाकी म्हणजे भागाकार.

७ डीबी किती? १० उणे ३, म्हणजे दहा भागिले दोन, पाचपट.
४ डीबी? ७ उणे ३, म्हणजे अडीचपट.
१ डीबी? ४ उणे ३, म्हणजे सव्वापट.
२ डीबी? १ अधिक १, सव्वा गुणिले सव्वा, सुमारे १.६ पट.
३७ डीबी? ३० अधिक ७, हजार गुणिले पाच, पाच हजार पट. कॅल्क्युलेटर ५,०१२ सांगतो.

व्होल्टसाठी हेच आकडे दुप्पट करा: ६ डीबी म्हणजे दुप्पट, २० डीबी म्हणजे दहापट, १४ डीबी म्हणजे पाचपट, १२ डीबी म्हणजे चौपट. नव्या मुलांकडून मी आठवडाभर रोज पाच-सहा आकडे तोंडी करून घेतो. पाढ्यांसारखे ते जिभेवर बसतात आणि मग मिक्सरवरची प्रत्येक पट्टी वाचता येऊ लागते.

कानाचा हिशेब मात्र वेगळा आहे. वॅट दुप्पट केले तर ३ डीबी वाढतात आणि ऐकणाऱ्याला थोडाच फरक जाणवतो. “आवाज दुप्पट झाला” असं माणसाला साधारण १० डीबी वाढल्यावर वाटतं, म्हणजे वॅट दहापट लागतात. एखादं मंडळ ५०० वॅटऐवजी १,००० वॅटचा अँप (अँप्लिफायर) आणा म्हणतं, तेव्हा मी हा हिशेब त्यांच्यापुढे मांडतो. तोच पैसा स्पीकर योग्य ठिकाणी, योग्य उंचीवर लावायला घातला तर मागच्या रांगेला जास्त फायदा होतो.

शेपटाची अक्षरं

डीबीव्हीचा संदर्भ १ व्होल्ट. घरगुती आणि लहान उपकरणांची नेहमीची पातळी −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट.

डीबीयूचा संदर्भ ०.७७५ व्होल्ट. हा विचित्र आकडा टेलिफोनच्या ६०० ओहमच्या लाइनमधून आला. ६०० ओहमवर १ मिलिवॅट शक्ती द्यायला बरोबर ०.७७५ व्होल्ट लागतो. लाइन गेली, आकडा राहिला. स्टुडिओ आणि स्टेजच्या उपकरणांची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२२८ व्होल्ट. सुरुवातीला सांगितलेल्या काट्याच्या मीटरचं शून्य हेच.

या दोघांमधलं रूपांतर अगदी सोपं आहे, कारण १ व्होल्ट हा ०.७७५ व्होल्टपेक्षा कायम २.२ डीबी वर असतो:

डीबीयू = डीबीव्ही + २.२

−१० डीबीव्ही म्हणजे −७.८ डीबीयू. तिथून +४ डीबीयूपर्यंत ११.८ डीबीचं अंतर, जवळजवळ चौपट व्होल्ट. “+४ आणि −१०, म्हणजे फरक १४” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोन आकड्यांची शेपटं वेगळी असताना त्यांची थेट वजाबाकी करायची नाही, आधी दोन्ही एका शेपटावर आणायचे.

या ११.८ डीबींनी माझं एक रेकॉर्डिंग घालवलं, ते सांगायलाच हवं. एका घरगुती बैठकीत गाणं रेकॉर्ड करायचं होतं. मी मिक्सरचं मुख्य आउटपुट सरळ एका छोट्या रेकॉर्डरच्या लाइन-इनला जोडलं. त्या इनपुटला जास्तीत जास्त २ व्होल्ट चालत होते, म्हणजे +८.२ डीबीयू. मिक्सर सरासरी +४ वर चालला होता, म्हणजे वर जागा उरली फक्त ४.२ डीबी. गाण्यात सरासरीच्या वर १० ते १५ डीबीची उसळी सहज येते. विलंबितात सगळं ठीक वाटलं. द्रुत सुरू झालं आणि प्रत्येक तान, तबल्याची प्रत्येक भरदार थाप फाटली. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. त्या गायिकेची ती त्या घरातली शेवटची बैठक ठरली. मध्ये १२ डीबीचा पॅड, म्हणजे पातळी तेवढी खाली आणणारा छोटा जोड, घातला असता तर −८ डीबीयूवर १६ डीबीची जागा मिळाली असती. तेव्हापासून पॅड माझ्या पेटीत सगळ्यात वर असतो.

डीबीएमचा संदर्भ १ मिलिवॅट. ही शक्ती आहे, म्हणून इथे १० चं सूत्र. कॉर्डलेस माइकच्या ट्रान्समीटरवर १० मिलिवॅट लिहिलं असेल तर १० डीबीएम, ५० मिलिवॅट म्हणजे १७ डीबीएम. ६०० ओहमवर डीबीएम आणि डीबीयूचे आकडे सारखेच येतात आणि म्हणूनच जुन्या कागदपत्रांत त्यांची सरमिसळ झालेली आहे. अँटेनाच्या ५० ओहमच्या केबलवर मात्र ० डीबीएम म्हणजे ०.२२४ व्होल्टच. टीव्ही केबलवाले त्यांच्या मीटरवर डीबी-मायक्रोव्होल्ट वाचतात. त्यात ६० म्हणजे १ मिलिव्होल्ट. त्यांच्या ७५ ओहमच्या केबलवर डीबीएम हवे असतील तर १०८.७५ वजा करा, ५० ओहमवर १०७.

आता डीबीएफएस. संगणक किंवा डिजिटल मिक्सर लिहू शकतो ती सगळ्यात मोठी संख्या म्हणजे शून्य, आणि बाकी सगळं त्याच्या खाली, उणे चिन्हाने. इथे गुणोत्तर आहे, पण बाहेरच्या व्होल्टशी नातं ठरलेलं नाही. ते यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. युरोपच्या प्रसारण संस्थांच्या रिवाजात ० डीबीयू म्हणजे −१८ डीबीएफएस, म्हणजे वरचं टोक +१८ डीबीयूला. अमेरिकन रिवाजात +४ डीबीयू म्हणजे −२० डीबीएफएस, म्हणजे टोक +२४ डीबीयूला. एकच तार दोन यंत्रांना लावली तर आकड्यांत ६ डीबीचा फरक दिसेल, आणि दोन्ही यंत्रं बरोबर असतील. तुमच्या यंत्राचं टोक कुठे आहे हे त्याच्या पुस्तिकेत “कमाल आउटपुट पातळी” या ओळीत सापडतं. तिथे +२४ डीबीयू लिहिलं असेल तर:

डीबीयू = डीबीएफएस + २४

पुस्तिका हरवली असेल तर स्वतः मोजा. यंत्रातून −२० डीबीएफएसचा, २०० हर्ट्झचा अखंड सूर सोडा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि एक्सएलआरच्या (तीन पिनांच्या प्लगच्या) दोन व तीन नंबरच्या पिनांमध्ये मोजा. १.२३ व्होल्ट आले तर +४ डीबीयू, म्हणजे टोक +२४ ला. २०० हर्ट्झ मी मुद्दाम सांगतोय. स्वस्त मल्टिमीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात आणि १,००० हर्ट्झला कमी दाखवू शकतात. आणखी एक खाचखळगा आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये सरासरी दाखवणारं मीटर याच सुराला −२३ दाखवतं, कारण ते सुराच्या शिखराऐवजी त्याची सरासरी शक्ती मोजतं आणि सुरात या दोघांत ३ डीबीचं अंतर असतं. मोजताना शिखराचं मीटर बघा.

राहिला हवेतला आवाज, डीबी एसपीएल. संदर्भ २० मायक्रोपास्कल. दाब मोजतोय, म्हणून २० चं सूत्र. १ पास्कल हा संदर्भाच्या ५०,००० पट, त्याचा लॉग ४.७, म्हणून ९४ डीबी. हा ९४ पाठ करून ठेवा. माइकच्या कागदावरचे सगळे आकडे इथे येऊन जोडले जातात.

बुवांच्या तोंडापासून शेवटच्या रांगेपर्यंत

आता एकच आवाज घेऊन पूर्ण साखळी चालूया. फळ्यावर कितीही सूत्रं लिहिली तरी हे एकदा केल्याशिवाय डेसिबल अंगात मुरत नाही. वही घ्या आणि माझ्याबरोबर आकडे लिहा.

बुवांचा खडा आवाज १ मीटरवर ७४ डीबी एसपीएल धरू. माइक तोंडापासून १० सेंटिमीटरवर आहे. अंतर दहापट कमी झालं की दाब दहापट वाढतो, म्हणजे २० डीबी. माइकवर पोचतात ९४ डीबी, बरोबर १ पास्कल. आकडा सोपा यावा म्हणून मी ७४ निवडला, पण बुलंद आवाजाला तो अवास्तव नाही.

माइक धरू शुअर एसएम५८, गावोगावच्या स्टेजवर दिसणारा. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक आवाजाला तो किती व्होल्ट देतो ते माप, −५४.५ डीबीव्ही, १ पास्कलला. म्हणजे आपल्या बाबतीत तारेत −५४.५ डीबीव्ही येतात, जेमतेम १.९ मिलिव्होल्ट. डीबीयूत आणायला २.२ मिळवले की −५२.३ डीबीयू. आवाज ९४ ऐवजी ८४ असता तर त्यातून सरळ १० वजा, −६२.३.

मिक्सरला +४ डीबीयू हवेत. −५२.३ पासून +४ पर्यंत ५६.३ डीबी, एवढा गेन, म्हणजे वाढ, द्यायचा. व्होल्टच्या भाषेत हे सुमारे ६५० पट होतात. १.९ मिलिव्होल्टला ६५० ने गुणून बघा, १.२३ व्होल्ट येतात. हिशेब जुळला. बुवा रंगात येऊन माइकपासून २० सेंटिमीटरवर गेले, तर ६ डीबी कमी झाले आणि तेवढा गेन वाढवावा लागेल. आणि तेवढीच स्पीकरची शिट्टीही जवळ येईल. माइक तोंडाजवळ ठेवा म्हणून आम्ही जो आग्रह धरतो, त्यामागे हे ६ डीबी आहेत.

पुढे अँप. त्याचा गेन २६ डीबी धरू, म्हणजे व्होल्टमध्ये २० पट. १.२२८ व्होल्ट आत गेले तर २४.५ बाहेर येतात. ८ ओहमच्या स्पीकरवर वॅट काढायला व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागायचं: ६०० भागिले ८, म्हणजे ७५ वॅट. १ वॅटच्या तुलनेत हे १८.८ डीबी.

स्पीकरच्या कागदावर ९७ डीबी, १ वॅट, १ मीटर असं लिहिलंय. ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी: १ वॅट दिला की १ मीटरवर ९७ डीबी. ९७ अधिक १८.८, म्हणजे १ मीटरवर सुमारे ११६ डीबी. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी. २, ४, ८, १६ मीटर, चार दुपटी, २४ डीबी. सोळाव्या मीटरवर ९२ डीबी. हे कीर्तनाला फार झालं, रस्त्यावरच्या मिरवणुकीसारखं. मास्टर फेडर, म्हणजे मिक्सरचा मुख्य आवाजाचा सरकता खटका, १२ डीबी खाली आणला की १६ मीटरवर ८० डीबी राहतात. उघड्या मांडवात अभंगाचा शब्दन् शब्द पोचायला एवढं भरपूर आहे.

आणि आता वॅट बघा. १२ डीबी खाली म्हणजे शक्ती सोळावा हिस्सा. ७५ चे झाले पावणेपाच. बुवा बोलताना स्पीकरमध्ये सरासरी पाच वॅटसुद्धा जात नाहीत. बाकीची सगळी ताकद टाळ-पखवाजाच्या उसळीसाठी राखून ठेवलेली असते: सरासरीच्या १५ डीबी वर उसळी आली तर तेवढ्या क्षणापुरते दीडशे वॅट लागतात. पहिल्यांदा हा हिशेब स्वतः केला तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होतो. त्यानंतर अँप विकत घेताना मी वॅटचा मोठा आकडा बघणं सोडलं आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघू लागलो. ९७ ऐवजी १०० डीबीचा स्पीकर घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तोच आवाज मिळतो.

ती सेन्सिटिव्हिटीसुद्धा नीट वाचा. काही ठिकाणी १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट लिहिलेलं असतं. ८ ओहमवर दोन्ही एकच. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, म्हणजे कागदावरचा आकडा ३ डीबीने फुगलेला आहे.

बेरीज करताना

८० डीबीचे दोन स्पीकर मिळून १६० होत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. मग किती? आवाज एकमेकांशी संबंध नसलेले असतील, जसे दोन ढोल किंवा एक ढोल आणि एक जनरेटर, तर त्यांची शक्ती मिळवायची. सारखे असतील तर +३, म्हणजे ८३. वेगळे असतील तर दोघांतला फरक काढून मोठ्या आकड्यात थोडं मिळवायचं: फरक १ असेल तर २.५, २ असेल तर २.१, ३ ला १.८, ४ ला १.५, ६ ला १, आणि १० ला जेमतेम ०.४. दहाच्या वर फरक असेल तर लहान आवाज विसरून जा. एकाच माइकचा आवाज दोन स्पीकरमधून बरोबर मधल्या रेषेवर एकाच वेळी पोचला तर दाब मिळतात, शक्ती नाही, आणि तिथे +६ येतात. रेषेवरून दोन पावलं बाजूला सरलात की काही सूर वाढतात, काही गळतात.

दहा ढोल एका ढोलापेक्षा १० डीबी जास्त, शंभर ढोल २० डीबी जास्त. पथकात वीस ढोलांचे चाळीस केले तर वाढतात फक्त ३ डीबी.

सरासरी काढतानाही हाच नियम. अर्धा तास ८० आणि अर्धा तास ६० असेल तर तासाची सरासरी ७० नव्हे, ७७ येते. शांत अर्ध्या तासाने सरासरी शक्ती निम्मी केली, एवढंच. कायद्यातले ध्वनिमर्यादेचे आकडे याच सरासरीवर आहेत, म्हणून “मध्ये मध्ये बंद ठेवू” या युक्तीने मीटर फारसं खाली येत नाही.

मांडवाच्या हद्दीवर

भारतात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरलेला आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातला जो कमी तो चालतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. आपल्या कीर्तनाचे १६ मीटरवर ८० होते. ३२ मीटरवर ७४, ६४ मीटरवर ६८. हद्द तिथे असेल तर अजून ३ डीबी खाली यावं लागेल, किंवा स्पीकर असा वळवावा लागेल की त्याची पाठ घरांकडे राहील. मी आधी स्पीकर वळवतो, मग फेडर खाली घेतो.

पण हे सगळे आकडे डीबी-ए मध्ये आहेत आणि या “ए” मुळे फार मोठा घोळ होतो. माणसाचा कान खर्ज कमी ऐकतो, म्हणून ए-पट्टी मोजताना खर्ज कापते. १,००० हर्ट्झला काहीच नाही, २५० ला ८.६ डीबी कमी, १०० ला १९, ६३ ला २६, ५० ला ३०. बुवांच्या बोलण्याला याने दोन-चार डीबींचाच फरक पडतो. पण सबवूफरमधून निघालेला ६३ हर्ट्झचा १०० डीबीचा खर्ज डीबी-ए मध्ये ७४ दिसतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवतात, आणि मीटर मात्र मर्यादेच्या आत. म्हणून मी हद्दीवर दोनदा मोजतो, एकदा ए-पट्टीवर आणि एकदा खर्ज जवळजवळ न कापणाऱ्या सी-पट्टीवर. दोघांत १५ डीबींहून जास्त अंतर दिसलं की आधी सब खाली घेतो, मग कायदा काहीही म्हणो. डीबी-सी चे डीबी-ए करायला कुठलंही सूत्र नाही. आवाजात कोणता सूर किती आहे यावर ते अवलंबून असतं, पुन्हा मोजणं एवढाच मार्ग आहे.

मोबाइलवरचं ॲप मोजायला वापरत असाल तर ते खऱ्या, कॅलिब्रेट केलेल्या मीटरशेजारी धरून एकदा पडताळून घ्या. मीटर पडताळायची छोटी नळी मिळते, ती १,००० हर्ट्झला बरोबर ९४ डीबी देते. आपलाच तो १ पास्कल.

आणि हद्दीवर रस्त्याचा आवाज असतोच. तो वेगळा काढायचा तर आधी स्पीकर बंद ठेवून मोजा, मग चालू करून. समजा बंद असताना ६२ आणि चालू असताना ६८. आपला आवाज ६ नव्हे. दहाचा ६.८ वा घात ६३.१ लाख, दहाचा ६.२ वा घात १५.८ लाख. वजाबाकी ४७.३ लाख, त्याचा लॉग ६.६७, म्हणजे आपले ६६.७ डीबी. दोन मोजण्यांत ३ डीबींपेक्षा कमी फरक असेल तर ही वजाबाकी करू नका, उत्तर भरवशाचं येत नाही. मग मी रहदारी ओसरेपर्यंत थांबतो आणि दोन्ही आकडे नव्याने घेतो.